टेपचं दुसरं टोक

गॅरेज गाडीसाठी बांधायचं, असं आमच्या घरात रीतसर ठरलं होतं. गाडी तेरा वर्षांची, टपावरचा रंग उडालेला, आणि तिला ऊन लागतं म्हणून ह्यांना अचानक तिचा पुळका आला. मी काय समजायचं ते समजले. ह्यांनी वहीच्या कागदावर जो नकाशा काढला त्यात गाडीला एक कोपरा होता, तोही काडेपेटीएवढा. बाकी सगळीकडे कामाचं टेबल, पाने-पकडी टांगायची फळी, करवतीचं यंत्र आणि लाकूड रचायची मांडणी. "अहो, गाडी आत शिरल्यावर तुम्ही कुठे उभे राहणार?" मी विचारलं. "गाडीचं बघू नंतर," हे म्हणाले. गाडी अजून रस्त्यावरच आहे.

आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मग कपडे वाळत घालायच्या दोन तारा, मग पंधरा पावलं मोकळी जमीन आणि त्यापलीकडे कुंपणाची भिंत. त्या भिंतीलगत, घरापासून सुटी, सहा मीटर बाय चार मीटरची एक खोली बांधायची होती. सुटी हवी हा हट्ट माझा. करवतीचा भुसा मला माझ्या स्वयंपाकघरात नको होता.

मी एकतीस वर्षं गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होते. दुसऱ्यांनी केलेलं मोजायचं आणि चुकलं असेल तर परत पाठवायचं, एवढंच काम. मागून लोक मला 'रिजेक्ट बाई' म्हणायचे, ते मला माहीत होतं आणि आवडायचंही. हे शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. स्वभावाने मऊ, हाताने नीटस, आणि आकड्यांच्या बाबतीत सगळा आनंद. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा ह्यांच्या छातीत कळ आली. दोन ठिकाणी नळ्या बसवाव्या लागल्या.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "त्यांना बसवून ठेवू नका, काम करू द्या. पण जड काही एकट्याने उचलायचं नाही. आणि कुणीतरी सतत त्यांना बघत असलं पाहिजे. पुन्हा दुखलंच तर पहिली दहा मिनिटं हातची जाता कामा नयेत. जिभेखाली गोळी आणि लगेच फोन." ती दहा मिनिटं तेव्हापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली. ह्यांना न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागला तरी मी दारावर टकटक करायची. हे आतून म्हणायचे, "आहे, आहे. जिवंत आहे."

म्हणून ह्या गॅरेजला, म्हणजे खरं तर वर्कशॉपला, मी दोन अटी घातल्या. एक, एकट्याने काही उचलायचं नाही. दोन, खोलीला घराच्या बाजूने मोठी खिडकी हवी, माझ्या भांड्यांच्या सिंकच्या अगदी समोर. "म्हणजे तू पहारा ठेवणार," हे म्हणाले. "ठेवणार," मी म्हटलं.

आखणीच्या दिवशी आमचं भांडण झालं. कारण ऐकून कुणीही हसेल. टेपच्या टोकाला पत्र्याचा एक आकडा असतो. वापरून वापरून तो खुळखुळा होतो आणि मापात दोन-तीन मिलिमीटरची चूक शिरते. म्हणून आमच्या कारखान्यात टेप टोकाला कुणी धरत नसे. दहा सेंटीमीटरची रेघ बिंदूवर धरायची, आणि पलीकडे वाचणाऱ्याने ते दहा हिशेबात घ्यायचे. इतक्या वर्षांनी माझा अंगठा आपोआप दहावरच जातो. ह्यांना मी चार वेळा सांगितलं, "मी दहावर धरलंय. तुम्हाला सहाशे हवे असतील तर सहाशे दहावर खुंटी मारा." हे मान डोलवायचे आणि सहाशेवर खुंटी मारायचे.

पाचव्यांदा तेच झालं तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. इतकी वर्षं मुलांच्या प्रयोगात कुठला रंग कुठल्या नळीत घालत होतात देव जाणे, असंही काहीतरी मी बोलले. हे कधी नव्हे ते चिडले. "सगळं जग टेप टोकाला धरतं. तुझंच काय वेगळं?"

"जग चुकतं."

"मग मी पण चुकलेलाच. मलाही परत पाठव."

ते मला लागलं. हातातलं टोक मी तिथेच मातीत टाकलं. "यापुढे तुमचा टेप मी धरणार नाही. धरायला दुसरं कुणीतरी शोधा," म्हटलं, आणि पायऱ्या चढून आत आले.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. ताट वाढायचं ते आपटून, पाणी ठेवायचं ते लांब. सिंकसमोरचा पडदा मी ओढून घेतला होता. आजारी माणसावर असा राग धरू नये, हे मला कळत होतं. पण मी तोंडाची तिखट आणि रागाची चिवट, लहानपणापासूनच.

चौथ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर आखणी पुरी झालेली. चारी कोपऱ्यांत खुंट्या, दोरी ताणलेली, चुन्याच्या रेघा सरळसोट. मला राहवेना. हे अंघोळीला गेलेत बघून मी टेप घेतला, दहाच्या रेघेवर वीट ठेवली आणि एकटीनेच मोजायला सुरुवात केली. आधी दोन्ही कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर. दोन्ही मिलिमीटरला सारखे. एकट्या माणसाला हे जमणं अवघड. मग बाजू मोजल्या. सहा मीटरची बाजू पाच नव्वद भरली आणि चारची तीन नव्वद. दोन्हीकडे बरोबर दहा कमी.

अशी चूक एकाच रीतीने होते. एकाने टेप दहावर धरायचा आणि दुसऱ्याने ते विसरायचं. विसरणारे कोण ते उघड होतं.

हे केस पुसत बाहेर आले तेव्हा मी अबोला मोडला. "टेप कुणी धरला?"

"कुणी म्हणजे? तूच की."

"मी?"

"काल दुपारी नाही का आलीस. एक शब्द बोलली नाहीस. धरलंस, झाल्यावर गेलीस. मी म्हटलं, राग आहे अजून, आपणही गप्प बसावं."

काल दुपारी मी आत आडवी झाले होते. मला वाटलं, हे समेटासाठी काहीतरी रचून सांगतायत. दहावर वीट ठेवून एकट्याने मोजलं असेल आणि श्रेय मला देऊन टाकलं असेल. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं मोकळं हसू होतं की परत आखा, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. जन्मात पहिल्यांदा मी चुकलेला माल पास केला.

पाया झाला. भिंतींसाठी गवंडी आणि त्याची बायको येऊ लागली. तो ब्लॉक रचायचा, ती माल कालवायची. गवंडी गप्पिष्ट होता आणि ती त्याच्या उलट. तिसऱ्या दिवशी मी पाणी द्यायला गेले तर तिने माझ्याकडे पाहिलं, मग वळून खोलीच्या आतल्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पाणी न घेताच उठली. दुसऱ्या दिवशी गवंडी एकटाच आला.

"बायकोला बरं नाही का?"

"बरी आहे. पण नको म्हणते यायला." तो थापीवरचा वाळलेला माल नखाने काढत राहिला. "तिचं काय मनावर घेऊ नका, बाई. म्हणते, बाई घरातून निघताना दिसतात, पण त्याच्या आधीच त्या इथे उभ्या असतात."

मी हसले. हसले खरी, पण परत घराकडे जाताना ती पंधरा पावलं मी भराभर टाकली आणि मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात ह्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मला गावात जावं लागलं. रांगेत सकाळ गेली. परत येऊन सिंकपाशी हात धुवायला उभी राहिले आणि समोर पाहिलं, तर खिडकी नव्हती. जिथे मोकळी चौकट सोडायची तिथे राखाडी ब्लॉक, एकावर एक, वरपर्यंत. मी ओल्या हातांनीच धावत गेले.

गवंडी माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच तर सांगितलंत, बाई."

"मी गावात होते."

"मघाशी आलात की. बोलला नाहीत काही, पण एक ब्लॉक उचलून खिडकीच्या जागेत ठेवलात आणि उभ्या राहिलात. मी विचारलं, बुजवू? तुम्ही मान हलवलीत." त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. "साहेब पण होते."

हे अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "मला वाटलं, तुझा माझ्यावर विश्वास बसला. बरं वाटलं, खरं सांगतो."

मी गवंड्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोड. तो म्हणाला, वरचा थर ओला आहे, आता हात लावला तर सगळंच खाली येईल, सोमवारी यंत्र आणून कापतो. सोमवारी तो आला नाही. मंगळवारी फोन उचलला नाही. त्याची थापीसुद्धा आमच्याकडेच राहिली.

आता छपराचं काम होतं. सहा लोखंडी पाइप आडवे टाकायचे आणि त्यांवर पत्रे. मी ह्यांना बजावलं, दुसरा गवंडी मिळेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी माझी दाढ ठणकायला लागली म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. येऊन बघते तर सहाच्या सहा पाइप भिंतींवर चढलेले. हे स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. घाम नाही, धाप नाही. मी मनगट धरून नाडी मोजली. बहात्तर.

"एकट्याने चढवलेत?" मी विचारलं.

"एकट्याने कसे चढवेन? एक टोक तू धरलं होतंस." त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढे केली. "ताकद आहे हं तुझ्यात अजून."

त्या दिवशी मला वाटलं की ह्यांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. औषधांनी होतं असं कधीकधी. मी डॉक्टरीणबाईंची वेळसुद्धा घेतली. पण दुसऱ्या सकाळी लेकीचा फोन आला. लेक लांब राहते, आठवड्यातून दोनदा फोन करते.

"आई, तू बाबांवर अजून रागावली आहेस का?"

"मी कशाला रागावू?"

"काल दुपारी त्यांनी फोनवर मला वर्कशॉप दाखवलं. तू मागे कोपऱ्यात होतीस, टेप धरून. मी दोनदा हाक मारली. नुसती बघत राहिलीस."

काल दुपारी मी डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून बसले होते. दाढेत भरलेलं सिमेंट हा माझा पुरावा. लेकीला मी म्हटलं, "नीट ऐकू आलं नसेल गं." फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. ह्यांचं डोकं ठिकाणावर होतं. मग जे काही होतं ते बाहेर होतं, आणि माझ्या माणसाबरोबर रोज दुपारी त्या खोलीत होतं.

घाबरले की मी मोजते. कारखान्यात दोन भाग एकमेकांना नीट टेकतात की नाही हे बघायला एक निळं मलम असतं. एका भागाला पातळ थर द्यायचा, दोन्ही भाग जुळवायचे आणि सोडवायचे. जिथे टेकलं तिथलं निळं निघून जातं. माझ्याकडे त्याची अर्धी नळी उरली होती. हे झोपले असताना मी हातमोजे घातले आणि टेपच्या पहिल्या वीस सेंटीमीटरना बोटाने निळा थर दिला. ह्यांचा हात कायम डबीकडच्या बाजूला असतो, टोकाला नाही. मग ह्यांना सांगून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या वाचनालयात दोन तास बसले, घड्याळासमोर, चार माणसांच्या देखत. एक पान वाचलं नाही.

परत आले तेव्हा हे नळाखाली हात धूत होते. मी सरळ वर्कशॉपमध्ये गेले. टेप स्टुलावर पडला होता, टोक बाहेरच. बाहेर उन्हात आणून भिंगाखाली धरला. दहाच्या रेघेवर एक अंगठा उमटला होता, स्वच्छ, रेघ न रेघ दिसावी असा. आणि त्या रेघांमधून एक तिरका व्रण गेला होता.

माझ्या उजव्या अंगठ्यावर तसा व्रण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पत्र्याने कापलं होतं. मी व्रणाची लांबी मोजली, ठशावरची आणि माझी. अकरा मिलिमीटर, दोन्हीकडे.

माझा अंगठा कोरडा होता. त्यावर निळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसले आणि काय ते सगळं सांगितलं. वाचनालय, दातांचे डॉक्टर, लेकीचा फोन, ठसा. हे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं होतं, घाबरतील. हे घाबरले नाहीत.

"मला कळलं होतं," हे म्हणाले. "पहिल्या दिवशी नाही. नंतर."

"कळलं होतं आणि तरी तुम्ही तिथे जाता?"

"ती काही करत नाही गं. टोक धरते. चुकलं तरी काही म्हणत नाही. तू येणार नव्हतीस ना."

मला काय वाटलं ते लपवत नाही. भीती वाटली, पण भीतीच्या आधी मत्सर वाटला. माझाच अंगठा, माझंच तोंड, आणि ह्यांना माझ्यापेक्षा ती बरी वाटत होती, का, तर ती बोलत नाही. रात्रभर तेच डोक्यात घुमत होतं. सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. ती गप्प राहते ना, मग मी तिच्याहून गप्प राहीन. सतत ह्यांच्याजवळ राहीन, टेप मीच धरीन, आणि त्या कोपऱ्यात तिला उभं राहायला जागाच ठेवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच तर करायचं होतं.

आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. वर्कशॉपमध्ये नाही, आणि नंतर नंतर घरातही नाही. पत्रा तिरका बसला, मी काही म्हटलं नाही. ह्यांनी टेबलाचा पाय दोन सेंटीमीटर आखूड कापला, मी जीभ चावून उभी राहिले. "धरलंस?" हे विचारायचे, मी मान हलवायची. अंगठा दहावर. ती आठ दिवसांत एकदाही आली नाही. मी रोज कोपऱ्यात उभी राहायची, म्हणजे कोपरा भरलेलाच असायचा.

जमलं, असं मला वाटलं. हे मात्र थोडे उदास दिसत होते. काम करता करता मध्येच थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा वाकायचे.

नवव्या दिवशी आम्ही भिंतीवरच्या फळ्यांसाठी मापं घेत होतो. मी आत, कोपऱ्यात. हे दाराशी, उजेडात. टेप आमच्या दोघांच्या मध्ये ताणलेला. तेवढ्यात घरातून आवाज आला.

"अहो, चहा झालाय. आणि दुपारची गोळी घेतलीत, की तीही आठवण मीच करायची?"

माझा आवाज होता. माझाच तिखटपणा.

हे ताठ झाले. त्यांनी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सांगायचं होतं, ती मी नाही, मी इथे आहे. मी तोंड उघडलं. काही आलं नाही. नुसती हवासुद्धा नाही.

ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. डोळे भरून आले होते.

"बोलली बघ," ते हलक्या आवाजात मला म्हणाले, जसं एखाद्या तिऱ्हाईताला सांगावं तसं. "इतके दिवस घरात आवाज नव्हता. करमत नव्हतं गं मला."

त्यांनी टेपची डबी अलगद खाली ठेवली, पँटला हात पुसले आणि निघाले. पंधरा पावलं, तारांखालून वाकून, तीन पायऱ्या.

मीही निघाले. पायऱ्यांपाशी पोचले, कठड्याला हात लागला, असं मला आठवतं. पण पुढच्या क्षणी मी कोपऱ्यात होते आणि टेपचं टोक माझ्या हातात होतं.

आतून कपबशीचा आवाज आला. मग त्यांचं मोठ्याने हसणं.

त्याला किती दिवस झाले ते मला मोजता येत नाही, मलासुद्धा. हे रोज येतात. दाराशी उभे राहून टेप ओढतात. "धरलंस?" विचारतात. मी मान हलवते. काम झालं की जातात. माझ्याशी चांगले वागतात. कधी कधी माझ्याकडे न बघता काहीबाही सांगतात, ती आज काय म्हणाली, कशावरून रागावली. सांगताना खुशीत असतात.

ती त्यांची काळजी घेते. वेळेवर गोळ्या देते, हाका मारते, बोलते. फक्त इकडे येत नाही. वर्कशॉपमध्ये त्यांच्यासोबत कुणीतरी आहे हे तिला माहीत आहे.

आज हे मोठ्या मांडणीसाठी माप घेत होते. लांब माप. मी टोक दहावर धरलं होतं.

"धरलंस?"

मी मान हलवली.

मग टेप सैल पडला.

आधी मधोमध वाकला, मग जमिनीला टेकला. दाराच्या उजेडात हे नव्हते. खाली होते, चौकटीला पाठ लावून, एक हात शर्टाच्या खिशापाशी. बोटं खिशात जात नव्हती. मी त्यांच्याकडे धावले, आणि पुढच्या क्षणी पुन्हा कोपऱ्यात होते.

मी तोंड उघडलं.

दहा मिनिटं. मी एकेक सेकंद मोजते आहे, तेवढं मला अजून येतं. समोर ब्लॉकची कोरी भिंत आहे.

घरात नळ बंद झाला. फोन वाजला, आणि तिने तो दुसऱ्या घंटीला उचलला, मी उचलते तसा.

"बाबा ना? मजेत आहेत, वर्कशॉपमध्ये," ती लेकीला सांगते आहे. "नाही गं, एकटे कुठे असतात आता? मी असते ना सारखी त्यांच्याजवळ."